इतर हक्क : एका छापचित्र मालिकेच्या कामाच्या नोंदी

9 जून

आठ प्लेटांची मालिका करायची हे नक्की झालं. विषय कोल्हापूर जिल्ह्यातली चराईची जमीन. झिंकवर एचिंग, म्हणजे पत्र्यावर सुईने काढलेली रेष ॲसिडने कोरायची, आभाळासारखी सलग छटा राळेच्या पुडीने भरून काढायची असेल तिथे अ‍ॅक्वाटिंट. हिवाळ्यात शाहू स्मारकच्या कलादालनात लावायचा बेत आहे. जागांची कच्ची यादी : कागलकडचा माळ, पट्टणकोडोलीच्या बाजूची रानं, जोतिबाच्या डोंगराचा उतार, राधानगरीच्या वर जंगलाला लागून असलेला एक धनगरवाडा, शिरोळ तालुक्यातली नदीकाठची काळी जमीन.

डोक्यात हे शिरलं ते वर्कशॉपच्या भिंतीवरच्या पतसंस्थेच्या कॅलेंडरमुळे. शिवकाशीला छापलेलं. हिरवं कुरण, पांढरीशुभ्र मेंढरं, झाडाला टेकून बासरी वाजवणारा पोरगा. आपल्याकडची दख्खनी मेंढी बहुतेक काळी. मेंढक्याच्या हातात बासरी मी तरी पाहिलेली नाही, मोबाईलवर धनगरी ओव्या लावून कळपामागे चालणारे पाहिलेत. पण हे कॅलेंडर हसण्यावारी नेता येत नाही. पतसंस्थेत ठेव ठेवणारा आणि कर्ज उचलणारा, दोघंही ते आपापल्या घरात लावतात. त्या पोराने मेंढरं कुणाच्या रानात घातलीत, हे दोघांपैकी कुणी विचारत नाही.

15 जून

झाडाला टेकलेल्या त्या पोराचं मूळ शोधत गेलो तर थेट रोमला पोचलो. व्हर्जिल या रोमन कवीच्या पहिल्याच गोपगीतात तितिरस बीच झाडाखाली निवांत पडलाय, आणि त्याच्याशी बोलणारा मेलिबियस आपली शेरडं हाकत गाव सोडून निघालाय. त्याची जमीन एका सैनिकाला दिली गेलीय. हे हवेतलं नाही. इ.स.पू. 42 मध्ये फिलिपीची लढाई झाली, आणि सैन्यातून मोकळ्या केलेल्या शिपायांना देण्यासाठी इटलीतल्या अनेक गावांच्या जमिनी काढून घेतल्या गेल्या. चित्रकारांनी पुढे उचलला तो बहुतेक वेळा झाडाखालचा.

इंग्लिश कवी-चित्रकार विल्यम ब्लेकचं मात्र वेगळं. थॉर्नटन नावाच्या डॉक्टरने शाळकरी मुलांसाठी व्हर्जिलचं पुस्तक काढलं होतं, त्याच्या 1821 च्या आवृत्तीसाठी ब्लेकने 17 वूड एन्ग्रेव्हिंग, म्हणजे लाकडी ठोकळ्यांवर कोरलेली छापचित्रं केली. पहिल्या गोपगीताच्या एका इंग्रजी नकलेवर. उंची साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास, रुंदी साडेसात. प्रकाशनवाल्यांना काम ओबडधोबड वाटलं. पानात बसवायला त्यांनी ठोकळे कडेने कापले, वर कलाकुसर कमी पण प्रतिभा जास्त अशा अर्थाची सारवासारवही छापली. या ठशांत मेंढपाळ आहेत, चंद्र आहे, आणि वाऱ्याने झोपवलेलं पीकही आहे. एकात लांबच्या वाटेला लागलेला माणूस आणि लंडनचं अंतर सांगणारा मैलाचा दगड. एवढ्याशा जागेत घर सुटल्याची गोष्ट बसलीय. माझ्या प्लेटा मी 30 बाय 40 सेंटिमीटर धरल्या होत्या. त्या आता निम्म्या करतोय.

22 जून

पाऊस लागला. राळेची पूड दमट हवेत गुठळ्या धरते, त्यामुळे अ‍ॅक्वाटिंट ऑक्टोबरपर्यंत बंद. रेषेचं काम चालू ठेवायचं. झिंकचा पत्रा वर्तमानपत्रांचे ब्लॉक करणाऱ्या एका जुन्या कारागिराकडचा उरलेला. प्रेसचा खालचा रोलर उद्यमनगरात पुन्हा लेथवर घेतला, आता दाब दोन्ही कडांना सारखा येतो.

3 जुलै

सॅम्युएल पामर, इंग्लिश निसर्गचित्रकार. याच्यावर जरा जास्त लिहितो, कारण एचिंग करणाऱ्याला हा माणूस टाळता येत नाही.

पामर (1805–1881) विशीत असताना लंडन सोडून केंट परगण्यातल्या शोरहॅम खेड्यात राहायला गेला. आजोबांकडून आलेला पैसा हाताशी होता. ब्लेकचे ते छोटे ठसे पाहून भारावलेले त्याचे मित्रही तिथे जाऊन-येऊन असायचे. त्या वर्षांतली त्याची चित्रं म्हणजे भरून आलेला चंद्र, गच्च पिकलेला गहू, दाटीवाटीने बसलेली मेंढरं, टेकडीच्या कुशीतलं चर्च. सगळीकडे बरकत.

आता तोच परगणा, तीच वर्षं. ऑगस्ट 1830 मध्ये पूर्व केंटमध्ये मजुरांनी मळणीयंत्रं फोडायला सुरुवात केली. हिवाळ्यात शेतात दुसरं काम नसायचं, काठीने मळणी हीच चार महिन्यांची चूल, आणि ती यंत्राने काढून घेतली. गंज्या पेटल्या. जमीनदारांना ‘कॅप्टन स्विंग’ या नावाने धमकीची पत्रं गेली. असा कुणी कॅप्टन नव्हताच. बंड दक्षिण इंग्लंडभर पसरलं. शेवटी 19 जणांना फाशी झाली आणि सुमारे पाचशे जणांना शिक्षा म्हणून ऑस्ट्रेलियाकडे धाडण्यात आलं.

पामरने यावर चित्र काढलं नाही. 1832 च्या निवडणुकीत त्याने पश्चिम केंटच्या मतदारांसाठी एक पत्रक मात्र लिहिलं, जुन्या व्यवस्थेच्या बाजूने आणि आग लावणाऱ्यांच्या विरोधात. म्हणजे आग त्याला दिसत होती. चित्रात घ्यायची नाही हे त्याने ठरवलं होतं.

हे कळल्यावर पामर आवडेनासा व्हावा, पण तसं होत नाही. खरं एचिंग तो पुढे, 1850 पासून करायला लागला आणि आयुष्यात जेमतेम 13 प्लेटा पुऱ्या केल्या. एकेका प्लेटवर वर्षानुवर्षं. रेषांची जाळी इतकी दाट की चित्र काळं व्हावं, पण त्या जाळीतून कोऱ्या कागदाचे ठिपके डोकावतात. तो त्यांना हजारो चमकते डोळे म्हणायचा. ॲसिडात घाल, काढ, जिथे पुरे झालं तिथे व्हार्निशने बुजव, पुन्हा घाल. ‘ओपनिंग द फोल्ड’ (म्हणजे मेंढवाडा उघडताना, 1880) मध्ये पहाटेचा उजेड असा आणलाय की हाताने काम करणाऱ्याला हेवा वाटेल. माणसाचं राजकारण न पटणं आणि त्याच्या प्लेटसमोर मान तुकवणं, दोन्ही एकाच वेळी होतं. त्याला माझा इलाज नाही.

19 जुलै

यादीतल्या जागांचे सातबारे काढले. चित्रकाराने सातबारा कशाला काढायचा असं सेतू केंद्रातल्या मुलीला वाटलं असावं, पण तिने काही विचारलं नाही.

माळाचा मोठा तुकडा गायरान. डोंगराचा उतार काही वनखात्याचा, काही खाजगी. काळी रानं भोगवटादार वर्ग 1, म्हणजे पूर्ण मालकीची, आणि नमुना 12 मध्ये पीक म्हणून ऊस, ऊस, ऊस. इतर हक्क या रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा, कुठे विहिरीतला हिस्सा, कुठे वाटेचा हक्क. दरवर्षी ठरलेल्या दिवसांत ठरलेल्या रानात कळप घेऊन येणाऱ्याची नोंद एकाही उताऱ्यावर नाही. असणार नाही हे ठाऊक होतं, तरी सगळे उतारे टेबलावर एकाशेजारी एक मांडल्यावर ते डोळ्यात भरलं.

इंग्लंडमध्ये हीच गोष्ट कायद्याने, कागदोपत्री झाली. 1604 ते 1914 या काळात सामायिक जमिनी बंदिस्त करणारे 5,200 हून जास्त कायदे संसदेने केले. त्यात 68 लाख एकर, म्हणजे इंग्लंडचा पाचवा हिस्सा, कुंपणाआड गेला. ज्याच्या हक्काचा कागद होता त्याला वाटणीत तुकडा मिळाला. ज्याची नुसती वहिवाट होती, म्हणजे एक गाय, चार बदकं, सरपणाची मोळी, त्याला बहुतेक ठिकाणी काही नाही. खेड्यातल्या निवांतपणाची चित्रं शहरी घरात लागत होती ती याच काळात.

आपल्या गायरानाला मात्र हे सरळ लावू नये. 2022 च्या शेवटी गायरानावरची अतिक्रमणं काढायच्या आदेशावर जिल्ह्यात मोर्चे निघाले तेव्हा रस्त्यावर होते ते बरेचसे गावात दुसरी जागा नसल्याने तिथे घर बांधलेले लोक. एका गरिबाची चराई दुसऱ्या गरिबाच्या घराखाली गेलीय, असंही आहे. याचं चित्र काढणं अवघड, कारण दोष द्यायला समोर सोयीचा माणूस उभा नाही.

6 ऑगस्ट

क्लोद लोरें. सतराव्या शतकात रोममध्ये बसून गुराख्यांची सोनेरी संध्याकाळ रंगवणारा फ्रेंच माणूस. त्याचं ‘गुराखी’ हे 1636 चं एचिंग मोठं करून पाहिलं. झाडांच्या गर्दीत काय हवा भरलीय!

पण आज मला सापडलं ते वेगळंच. आपल्या चित्रांच्या नकला होतात म्हणून क्लोदने आपल्या बहुतेक चित्रांचं रेखाटन एका वहीत ठेवलं होतं, आणि बऱ्याच रेखाटनांमागे ते चित्र कुणासाठी केलं ते लिहिलंय. कार्डिनल, राजपुत्र, पोप. ही वही पुढे इंग्लंडच्या ड्यूक ऑफ डेव्हनशायरकडे गेली. 1777 मध्ये बॉयडेल या प्रकाशकाने त्यावरून रिचर्ड अर्लमकडून 200 ठसे करून घेऊन बाजारात आणले. त्या काळच्या लँडस्केप छापांच्या तळाशी सुबक अक्षरात असायचं : मूळ चित्र अमुक सरदारांच्या संग्रहातून, अमुक महाशयांना सविनय अर्पण.

म्हणजे गाई-मेंढ्यांच्या चित्राखाली मालकाचं नाव लिहायची रीत होतीच. मग माझ्या प्लेटांखालीही ओळ हवी. जमिनीचा प्रकार, नमुना 12 वरचं पीक आणि इतर हक्कातली नोंद, जशी असेल तशी. माणसांची नावं आणि गट नंबर नाहीत, कुणाला उघडं पाडायचं नाही. मालिकेचं नावही त्यातूनच मिळालं.

अडचण एकच : प्लेटवर सगळं उलटं लिहायचं. देवनागरी उलटी लिहिताना शिरोरेषा आधी ओढून घेतली की हात बिचकत नाही.

27 ऑगस्ट

रंकाळा काठोकाठ. आज काम नाही, वाचन. डेव्हिड लूकस. नाव फारसं कुणाला माहीत नसतं. कॉन्स्टेबल या इंग्लिश निसर्गचित्रकाराच्या चित्रांवरून ‘इंग्लिश लँडस्केप’ हा मेझोटिंटचा संच निघाला, 1830 ते 1832, म्हणजे बरोबर त्या बंडाच्या वर्षांत. त्या 22 प्लेटा लूकसच्या हातच्या. आधी सगळी प्लेट खरबरीत करून काळीभोर करायची आणि मग खरवडत खरवडत उजेड बाहेर काढायचा, असं ते काम. आभाळातून सरी उतरतात त्या लूकसच्या. कॉन्स्टेबल त्याला पत्रांवर पत्रं लिहून दुरुस्त्या सांगायचा. संच खपला नाही.

लूकस स्वतः शेतकऱ्याच्या घरचा. तो 1881 मध्ये फुलमच्या वर्कहाउसमध्ये, म्हणजे अनाथ-गरिबांच्या सरकारी आसऱ्याच्या घरात वारला. पामरही त्याच वर्षी गेला, आपल्या घरी. छापचित्राचा सामाजिक संदर्भ म्हणताना आपण चित्रातल्या मेंढपाळापर्यंत जातो, प्लेट खरवडणारा हात राहून जातो. (हे मी कुणाच्या बाजूने बोलतोय ते उघड आहे.)

14 सप्टेंबर

प्रिंटमेकिंग शिकणारी दोन मुलं वर्कशॉपला आली होती. त्यांना हरेन दास आणि चित्तप्रसाद यांची छापचित्रं शेजारी शेजारी दाखवली. दोघंही बंगालचे, साधारण एका पिढीचे. हरेन दास (1921–1993) यांची वूड एन्ग्रेव्हिंग आणि रंगीत वूडकट म्हणजे ताडाची झाडं, होड्या, गुरं घेऊन परतणारी माणसं, नजर ठरत नाही इतकं नाजूक कोरीवकाम. चित्तप्रसाद (1915–1978) 1943 च्या दुष्काळात मिदनापूरला पायी फिरले, भुकेने मेलेल्यांची रेखाटनं केली. त्यांचं ते पुस्तक इंग्रज सरकारने जप्त करून जाळलं. पुढे ते मुंबईत अंधेरीला राहिले आणि लिनोकट करत राहिले.

मुलगी म्हणाली, “सर, मग दास पळपुटे का?” मुलगा म्हणाला की त्यांच्या चित्रात सगळे कामच करतायत, कुणी लोळत नाहीये. त्याचं निरीक्षण मला नेमकं वाटलं. दासांच्या चित्रात जाळं ओढणारे, भात झोडणारे, ओझं वाहणारे आहेत. भूक नाही, पण कष्ट आहेत. मी त्यांना पळपुटे म्हणणार नाही. चित्तप्रसादांची चित्रं पाहिल्यावर मात्र दासांकडे पहिल्यासारखं बघता येत नाही, हेही खरं.

बोलता बोलता गाडी कोल्हापूरवर आली. चित्रकार आबालाल रहिमान यांनी रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगेचा काठ रंगवला. शाहू महाराजांचा आश्रय होता. त्या चित्रांत पाण्यावरचा उजेड हाच विषय, आणि तो त्यांनी जिंकलाय. याच गावच्या बाबूराव पेंटरांनी 1925 मध्ये ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. त्यात कर्जापायी जमीन गेलेला शेतकरी शहरात गिरणी कामगार होतो. लँडस्केपच्या नोंदीत मूकपट कशाला, असं मुलांच्या चेहऱ्यावर दिसलं. पण चित्रकाराच्याच डोळ्याने जमीन जाताना दाखवलेली आपल्याकडची ती ठळक गोष्ट आहे, म्हणून सांगितली.

21 ऑक्टोबर

पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेला जाऊन आलो. भंडाऱ्याने माणूस, रस्ता, मोटारसायकली सगळं पिवळं. स्केचबुकची पानंही. फरांडेबाबांची भाकणूक, म्हणजे वर्षाचं भाकीत झालं, पाऊस-पिकाचं. इतका रंग असलेला विषय काळ्या शाईत करायचा हट्ट मी सोडला; यात्रेची प्लेट मालिकेत नाही. तिथेच एका मेंढकेमामांची ओळख झाली. त्यांचा वाडा, म्हणजे बिऱ्हाडासकट कळपाचा तळ, आता कागलच्या बाजूला येणार आहे.

9 नोव्हेंबर

मामांच्या वाड्यावर. घोड्यावरून उतरवलेलं बिऱ्हाड, तीन दगडांची चूल, कोंबड्या, कुत्री, आणि सोयाबीन निघालेल्या रानात वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण लावून आत बसवलेला कळप. पावसाळ्यात हे लोक उगवतीकडच्या कोरड्या भागात असतात. “हिकडं चिखलात मेंढराचं खूर सडत्यात,” मामा म्हणाले.

पिशवीत ‘ओपनिंग द फोल्ड’ची छापील प्रत होती, ती दाखवली. मामांनी कागद लांब धरून बघितला.

“ही चरायला हुबी न्हाईत. रातभर बसवल्याली हाईत, आता सोडतोय. जाळी न्हाई, लाकडाचं कुपाण केलंय. रान कुणाचं?”

मी म्हटलं, चित्रात ते लिहिलेलं नाही.

“मग ह्याला रातीचं काय मिळालं?”

हा प्रश्न पामरवर लिहिणाऱ्या कुणी विचारलेला माझ्या वाचनात नाही, आणि विचारायला हवा होता. दक्षिण इंग्लंडमध्ये दिवसा माळावर चारलेला कळप रात्री धान्याच्या शेतात दाटीने कोंडायचे, तो लेंडी-मुतासाठी. त्या काळची खताची ती व्यवस्था होती. फळ्यांचं कुंपण रोज पुढच्या पट्ट्यात सरकवायचं. म्हणजे जगातला सगळ्यात काव्यमय मानलेला तो फोल्ड आणि मामांची वाघर, दोन्हींचं काम एक. फरक इतकाच की तिथला मेंढपाळ बहुधा शेतमालकाचा पगारी, आणि इथे कळप मामांचा, रान दुसऱ्याचं. रात्रीचं धान्य किंवा पैसे ठरतात. पूर्वी शेतकरी बोलवायला यायचा.

“आता कोण बोलवतंय? वर्सभर ऊस हुबा. तुटला की खोडवा. मोकळं रान घावतंय कुठं? पोतं आणून टाकलं की खत झालं.”

ही मला या सगळ्या कामातली कळीची गोष्ट वाटते. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात असतो, त्यावर खोडवा, म्हणजे तुटलेल्या बुडख्यांतून पुन्हा फुटणारं पीक. ज्वारी-भुईमूग निघाल्यावर रान जे काही महिने मोकळं पडायचं, तोच मेंढरांचा हंगाम होता. राधानगरीच्या धरणापासून पाणी आलं, कारखाने आले, घरं पक्की झाली, पोरं शिकली; त्यातला मीही एक. पण पन्हाळ्यावरून खाली बघून आपण जिल्हा हिरवागार म्हणतो, तेव्हा त्या हिरव्यात मेंढराला तोंड घालायला फारशी जागा उरलेली नसते. कारखाने सुरू झाले की तोडणी झालेल्या फडात वाढ्यावर (उसाच्या शेंड्यांवर) आणि पाल्यावर काही दिवस निघतात. तिथेही तोडकऱ्यांची बैलं आधीच उभी असतात, बीडकडून आलेली. आणि कितीतरी फडांत पाला लगेच पेटवून देतात.

17 नोव्हेंबर

सहावी प्लेट बदलली. आधी मोकळा माळ आणि लांबवर कळप होता. आता जवळून वाघर, चौकटीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, आणि तिच्यामागे उसाची भिंत. मेंढरं मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात. जाळीच्या गाठी सुईने एकेक उघडल्या. ऊस उभ्या रेषांत, तीन वेळा ॲसिड : पहिल्यांदा हलकं, मग पानांच्या कडा बुजवून मधलं, शेवटी बुडखे जवळजवळ काळे होईपर्यंत. झिंकवर नायट्रिक जोरात फसफसतं, बुडबुडे पिसाने सारत राहावे लागतात, नाहीतर रेष तुटक येते. हवा कोरडी झाल्याने आभाळाला राळ नीट बसली.

पहिल्या प्रूफमध्ये (चाचणीच्या छापात) काळी मेंढरं काळ्या उसात हरवली. ती तशीच ठेवली. नीट बघितल्यावर डोळे दिसतात, कागदाच्या पांढऱ्यात सोडलेले. ही पामरची उसनवारी आहे, लपवत नाही.

30 नोव्हेंबर

तळाच्या ओळी सगळ्या प्लेटांवर झाल्या. सहावीची : ‘खाजगी, भोगवटादार वर्ग 1. पीक : ऊस. इतर हक्क : सोसायटी बोजा.’ धनगरवाड्याच्या प्लेटवर बराच घोळ होता, कारण घरं पिढ्यान्‌पिढ्या तिथे आणि जमीन वनखात्याची. शेवटी उताऱ्यावर आहे तेवढंच लिहिलं.

किमतीचा विषय निघाला. मालिकेचा संच कोण घेणार? आर्किटेक्ट, डॉक्टर, कदाचित एखादा साखर कारखाना आपल्या गेस्ट हाऊससाठी. क्लोदचे गिऱ्हाईक कार्डिनल होते, माझे हे. हसलो, पण दर कमी करणार नाही. कागद आणि शाईचाच खर्च बराच आहे. सुटे छाप मात्र वेगळ्या, पातळ कागदावर काढून स्वस्तात ठेवायचे, म्हणजे मुलांना घेता येतील.

मामांना सहावीची एक प्रत दिली. त्यांनी गुंडाळून घोंगड्यात घातली आणि विचारलं की खाली काय लिहिलंय. वाचून दाखवलं. “सोसायटी लिहिली, मग आमचं बी लिहायचं की,” म्हणाले. मी सांगितलं, उताऱ्यावर असेल तेवढंच लिहिलंय. “तुमच्या पत्र्यावर तुम्हाला कोण अडवतंय?”

4 डिसेंबर

दोन दिवस त्यावर विचार केला. ओळ बदलायची नाही, उतारा आहे तसाच राहू दे. पण सहाव्या प्लेटच्या उजव्या कडेला, चौकटीबाहेर जिथे जुने एचिंगवाले छोटंसं रेखाटन करून सुई तपासायचे, तिथे वाघरीचा एक खुंटा आणि रात्रीचा दर खरवडला. मामांनी सांगितला तोच आकडा, धान्यात. उलटा. प्रूफ घेतली, वाचता येतं. त्या कडेला ॲसिड कमी लागलंय, एकदा पुन्हा बुडवावं लागेल. मग 20 प्रतींचं छापकाम सोमवारपासून, कागद आदल्या रात्री भिजवून ठेवायचा.